मोठेपणी परत साप पाळताय? मग या चुका टाळा

लहानपणी किंवा कॉलेजात असताना साप पाळलेला असतो, मग नोकरी, लग्न, मुलं यात बरीच वर्षं निघून जातात, आणि एक दिवस वाटतं की आता घर आपलं आहे, हातात चार पैसे आहेत, परत एक साप आणूया. ही इच्छा अगदी खरी असते आणि अशी माणसं छंदात परत आली की मला मनापासून आनंद होतो. पण गेली कित्येक वर्षं मी लोकांच्या घरी सापांच्या टाक्या लावून द्यायला, आजारी सापांसाठी धावपळ करायला जातेय आणि त्यात एक गोष्ट सारखी दिसते, की अगदी नवख्या माणसापेक्षा परतून आलेल्या माणसाच्या सापाचे हाल जास्त होतात. नवखा निदान विचारतो तरी. परत आलेल्याला वाटतं आपल्याला सगळं येतंच की, आणि त्याच्या डोक्यातलं "सगळं" हे त्या काळातलं असतं, जेव्हा हीट रॉक (टाकीत ठेवायचा, विजेवर तापणारा कृत्रिम दगड), लाल बल्ब आणि जिवंत उंदीर हीच पद्धत होती.

साप कुठला घ्यायचा यावर मी फार बोलणार नाही. कॉर्न स्नेक, किंग स्नेक, बॉल पायथन, यातला कुठलाही चालेल, माझं मत विचाराल तर कॉर्न स्नेकच, कारण खायला चोखंदळ नाही, तीन ते पाच फुटांत थांबतो आणि तुमची एखादी चूक सहन करून घेतो. लहानपणी ज्या अजस्र अजगराचं पोस्टर भिंतीला लावलं होतं तो आता आणायचा नाही. आणि कायद्याने आपल्या भागात कुठला साप पाळता येतो ते साप बघायला जायच्या आधी बघायचं, नंतर नाही. जंगलातून पकडलेला साप हा तर विषयच नको.

हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावणं

यावर मी लांबलचक लिहिणार आहे कारण याने भाजलेले साप मी माझ्या हातात धरलेत.

ओळखीतले एक गृहस्थ, पंचेचाळिशीतले, शाळेत असताना त्यांच्याकडे साप होते. परत सुरुवात म्हणून एक लहान कॉर्न स्नेक आणला, काचेची टाकी घेतली, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) चिकटवली आणि मॅट थेट प्लगला जोडली. थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणारं यंत्र) का नाही विचारलं तर म्हणाले, "अहो, आम्ही तेव्हा कुठे लावत होतो, टाकीत थर्मामीटर आहे ना, २८ दाखवतोय." थर्मामीटर होता, तो गोल डायलवाला, आतल्या काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला. तो हवेचं तापमान सांगत होता, तेसुद्धा वरच्या हवेचं. साप राहत होता खाली, बेडिंगच्या म्हणजे तळाशी पसरलेल्या भुशाच्या आत, काचेला पोट टेकवून. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला की साप नीट खात नाही आणि पोटाचा रंग वेगळा वाटतोय, येऊन बघता का.

मी गेले, बेडिंग बाजूला सारलं आणि इन्फ्रारेड थर्मामीटर काचेवर मारला. ४६ डिग्री. साप उचलून उलटा केला तर पोटाच्या मधल्या भागातले खवले तपकिरी झालेले, कडा उचललेल्या, दोन ठिकाणी पाणी भरलेले फोड. पूर्ण पोटावर नाही, जिथे तो वेटोळं घालून बसायचा तेवढ्याच पट्ट्यात. त्यांना ते बघवेना. पुढे डॉक्टर, रोज मलम, बेडिंग काढून नुसता टिश्यू पेपर, खाणं बंद, आणि मग कात टाकत टाकत हळूहळू भरून आलं. साप वाचला पण पोटावरचे ते वाकडे खवले कायमचे राहिले.

आता सगळे विचारतात की गरम होतंय तर साप उठून का नाही जात. अशी खात्री धरूच नका. साप थंड रक्ताचा, त्याला पोटाखाली ऊब हवीच असते, आणि लपायची एकच जागा असेल व ती गरम बाजूला असेल तर तो सुरक्षितता निवडतो आणि भाजत राहतो. हीट रॉकचंही हेच, त्यात तर एखादा भाग प्रचंड तापतो, तो जुना हीट रॉक माळ्यावरून काढला असेल तर सरळ टाकून द्या.

मी काय करते ते सांगते. मॅट टाकीच्या एका टोकाला, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली. थर्मोस्टॅटचा प्रोब (वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग) मॅट आणि काचेच्या मध्ये, बाहेरून, टेप लावून पक्का. आत सैल सोडलेला प्रोब साप ढकलतो, कधी तो पाण्याच्या भांड्यात जाऊन पडतो, मग थर्मोस्टॅटला वाटतं टाकी गार आहे आणि तो मॅट तापवतच राहतो, म्हणजे थर्मोस्टॅट असूनही साप भाजतो. टाकीच्या आत टेप मात्र कधीच लावायची नाही, चिकटपट्टीला अडकलेला साप सोडवताना कातडी सोलून निघते. मग आतला जमिनीचा आकडा बघत बघत सेटिंग करायची, कॉर्न स्नेकला गरम बाजू २९ ते ३१ आणि गार बाजू २२ ते २४, बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ आणि गार बाजू २५ ते २७. बल्बने उष्णता देणार असाल तर डिमिंग थर्मोस्टॅट (बल्ब चालू-बंद न करता कमी-जास्त करणारा) घ्या आणि बल्बला जाळीचं कव्हर हवंच, साप बल्बला विळखा घालतो. लाल बल्ब रात्रभर लावायची गरज नाही, रात्री अंधार हवा.

आणि हे सगळं साप घरी यायच्या आधी आठवडाभर चालवून बघायचं. रिकामी टाकी, आत फक्त पाणी, दोन लपायच्या जागा आणि थर्मामीटर. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री बघा. इथेच लोकांचा धीर सुटतो. टाकी आणि साप एकाच दिवशी घरी, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि मग रात्री बारा वाजता मला मेसेज की तापमान ३८ दाखवतंय, काय करू. साप तुमच्याकडे कॉर्न असेल तर पंधरा-वीस वर्षं राहणार आहे, एक आठवडा रिकाम्या टाकीकडे बघायला काय हरकत आहे?

पहिल्या आठवड्यात हातात घेणं आणि मग "खात नाही" म्हणून घाबरणं

या दोन वेगळ्या चुका वाटतात पण एकच आहे. साप घरी येतो, माणूस ऑफिसातून येतो, दिवसभर त्याच सापाचा विचार केलेला असतो, तो हातात घेणारच. बायकोला दाखवणार, मुलांच्या हातात देणार, फोटो काढणार. दुसऱ्या दिवशी उंदीर देणार. साप खात नाही. मग तिसऱ्या दिवशी परत देणार, दुसऱ्या आकाराचा देणार, टाकी बदलणार, लपायची जागा उचलून उचलून बघणार. त्या बिचाऱ्या सापाला एक रात्र शांत मिळत नाही. बॉल पायथन तर अशा वेळी खाणं बंदच करून बसतो.

माझा नियम साधा आहे. साप आला की पहिला आठवडा हात लावायचा नाही, पाणी बदलायचं आणि घाण दिसली तर काढायची, बस. आठवड्याने पहिलं खाणं द्यायचं. खाल्लं तर पुढचे दोन दिवस परत हात नाही. असं दोन-तीन वेळा नीट खाऊन पचवलं की मग हाताळायला सुरुवात, तीसुद्धा पाच-दहा मिनिटं. नाही खाल्लं तर उंदीर काढून फेकून द्यायचा आणि पुढच्या आठवड्यापर्यंत विषय बंद. रोज रोज उंदीर नाचवला की साप खाण्यालाच घाबरायला लागतो, हे मी अनेकांच्या घरी बघितलंय आणि दर वेळी उपाय एकच निघाला, सापाला एकटं सोडा.

पिल्लू असेल तर पाच ते सात दिवसांनी, मोठा कॉर्न असेल तर दहा ते चौदा दिवसांनी खाणं पुरतं. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी. फ्रोझन उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, देताना पिशवीत घालून गरम पाण्यात, मग कोरडा करून लांब चिमट्याने. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, बाहेरून गरम आतून बर्फ राहतो आणि कधी कधी पोट फुटतं. चिमटा लांबच घ्या, बोटांना उंदराचा वास असतो आणि साप वासावर झेप घेतो, त्यात त्याचा काही दोष नाही.

जिवंत उंदीर देणारे अजूनही भेटतात, "नैसर्गिक आहे" म्हणतात. निसर्गात साप पळून जाऊ शकतो. टाकीत भूक नसलेल्या सापाला उंदीर रात्रभर कुरतडतो, पाठीचं मांस उघडं पडलेले साप बघितल्यावर या विषयावर माझ्याशी कोणी वाद घालू नये.

मोठा बॉल पायथन काही महिने खात नाही असंही होतं, विशेषतः हिवाळ्यात आणि जोडीच्या मोसमात. म्हणून घाबरायच्या आधी वजन करा. किचनमधला डिजिटल काटा वेगळा ठेवा, वरती डबा ठेवून त्यात साप, दर दोन आठवड्यांनी वहीत आकडा लिहा. वजन टिकून असेल तर शांत बसा. दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, किंवा लहान पिल्लूच खात नसेल, तर डॉक्टर.

खाल्लेलं उलटून टाकलं तर ते गंभीर समजा. बहुतेक वेळा कारण असतं खाल्ल्यावर लगेच हाताळणं, टाकी गार असणं किंवा उंदीर फार मोठा. अशा वेळी लोकांना दया येते आणि ते दुसऱ्याच दिवशी परत खायला देतात, जे सर्वांत वाईट. दहा ते चौदा दिवस काही नाही, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर. परत उलटला तर घरगुती प्रयोग बंद.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

टाकीला झाकण आहे पण कुलूप नाही. कॉर्न स्नेकचं डोकं जिथून जातं तिथून पूर्ण साप जातो, आणि तो रात्री काम नसल्यासारखा प्रत्येक फट तपासत असतो. वर पुस्तकं ठेवणं म्हणजे कुलूप नव्हे.

देवदाराचा भुसा खाली घालू नका, त्यातली तेलं सापाला त्रास देतात. अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचा किंवा नारळाचा भुसा चांगला, आणि सुरुवातीचे काही आठवडे नुसता पांढरा टिश्यू पेपर सर्वांत चांगला, कारण माइट्स (सापाचं रक्त शोषणारे बारीक किडे) असतील तर काळे ठिपके पांढऱ्यावर लगेच दिसतात. पाण्याच्या भांड्याच्या तळाशीही बघा, बुडून मेलेले माइट्स तिथे सापडतात. घरात आधीचा साप असेल तर नवा वेगळ्या खोलीत, निदान दोन-तीन महिने.

दोन साप एका टाकीत नाही. त्यांना सोबत लागत नाही, किंग स्नेक तर दुसऱ्याला गिळतो.

"मोठ्या टाकीत साप घाबरतो" हे जुनं वाक्य अजून फिरतंय. साप मोकळ्या जागेला घाबरतो, मोठ्या जागेला नाही. फांद्या, पानं, सालीचे तुकडे, दोन्ही बाजूंना लपायच्या अंगाबरोबर घट्ट बसणाऱ्या जागा, एवढं भरलं की पिल्लूसुद्धा मोठ्या टाकीत मजेत फिरतं. मोठ्या कॉर्नला मी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच यापेक्षा लहान जागा देत नाही.

कातीवर थोडं थांबते. डोळे दुधाळ झाले की हाताळू नका, त्याला नीट दिसत नसतं. कात तुकड्यांत निघाली तर हवा कोरडी आहे, कॉर्नला ४० ते ६० टक्के दमटपणा आणि बॉल पायथनला ६० ते ८० हवा. डब्याला भोक पाडून आत ओलं मॉस घातलं की बहुतेक प्रश्न सुटतो. निघालेली कात नीट बघा, डोळ्यांवरचे दोन गोल चकत्यांसारखे तुकडे तिच्यात आहेत का. नसतील तर चिमट्याने डोळा उकरायला जाऊ नका, दमट डब्यात ठेवा, पुढच्या कातीबरोबर बहुधा निघतात, दोनदा राहिले तर डॉक्टरांना दाखवा. याबाबतीत धसमुसळेपणा करून डोळा गमावलेला साप मी बघितलाय.

विकत घेताना रंगावर जाऊ नका. बॉल पायथनचा स्पायडर मॉर्फ (पैदाशीतून तयार केलेला एक रंगप्रकार) दिसायला सुंदर असतो पण त्या रंगाबरोबरच डोकं हलण्याचा, तोल जाण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो, म्हणून मी तो कोणालाच सुचवत नाही. पाळीव पैदाशीचाच साप घ्या, खाल्ल्याच्या नोंदी मागा, शक्य असेल तर समोर खाताना बघा. आणि बॉल पायथन घेताय तर आयुष्याचा हिशोब करा, पंचवीस-तीस वर्षं तो सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली होती. चाळिशीत आणलेला साप तुमच्या म्हातारपणी कोण सांभाळणार हे घरात आत्ताच बोलून ठेवा.

शेवटचं, सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर साप आणायच्या आधी शोधा, नंबर फोनमध्ये ठेवा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला साप येतोच असं नाही. तोंड उघडं ठेवून श्वास, नाका-तोंडाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, मान सारखी वर धरून बसणं, यातलं काही दिसलं तर टाकीचं तापमान तपासा आणि त्याच दिवशी फोन करा, उद्या बघू म्हणून थांबू नका.