ओढ्याकाठी वाळुंज लावायचे दिवस

भातकापणी उरकत आलेली असते, ओढ्याची धार बारीक झालेली असते आणि काठ मात्र अजून ओला असतो, असे पंधरा-वीस दिवस दिवाळीच्या आगेमागे मिळतात. मावळात, मुळशी-वेल्ह्याकडे, जावळी-पाटणच्या खोऱ्यांत ज्यांची खाचरं ओढ्याला लागून आहेत, त्यांनी हे दिवस काठ धरून ठेवणारं वाळुंज लावायला वापरावेत. जूनमध्ये खोचलेली काडी मूळ धरण्याआधीच पुरात वाहून जाते. आत्ता लावलेलीला पुढच्या पावसापर्यंत सात महिने मिळतात.

वाळुंज म्हणजे आपला देशी विलो. काश्मिरात ज्याच्या बॅटी होतात, त्याचाच भाऊबंद. पान लांबट, टोकदार, वरून हिरवं आणि खालून पांढुरकं असतं. वारा सुटला की अख्खं झाड पांढरं होतं आणि पुन्हा हिरवं होतं. काठावरच्या एखाद्या जुन्या झाडाखाली वाकून बघा. पाण्यात लालसर, केसांसारख्या मुळ्यांची झालर लोंबत असते. ती मुठीत दाबली तर बोटांमधून मऊ गाळ निघतो. ही झालर नसेल तिथे तोच गाळ आपल्या खाचरातून निघून खाली धरणात जातो. रोपवाटिकेत विलो म्हणून मिळणारं लोंबत्या फांद्यांचं विदेशी झाड थंड हवेचं आहे. काठ धरायला त्याच्या नादी लागू नका.

बियांच्या फंदातही पडू नका. कापसासारखं उडणारं ते बी काही दिवसांतच निकामी होतं. फांदीची छाटकलमं घ्या: अंगठ्याएवढी जाड, दीड फूट लांब, साधारण वर्षभराच्या फांदीची. बुडखा तिरका कापा आणि शेंडा सपाट, म्हणजे उलटसुलट होणार नाही. कापल्याबरोबर बुडखे बादलीत बुडवून ठेवा आणि त्याच दिवशी लावा. पहारेने भोक पाडा, एक फूट कलम आत जाऊ द्या, वर दोन-तीन डोळे राहू द्या आणि टाचेने माती घट्ट दाबा. आत पोकळी राहिली तर मूळ सुकतं. दोन कलमांत दीड-दोन फूट अंतर ठेवा. दोन ओळी करा, दुसरी पहिलीच्या मधल्या जागांवर येईल अशी.

ओळ काठाच्या उतारावर हवी, पात्रात नको. पात्रातल्या झुडपाला पुरात काटक्या-कचरा अडकतो, धार वळते आणि समोरच्याचा काठ खचतो. विहिरीचं बांधकाम, पाइपलाइन, शौचालयाची टाकी यांपासून चाळीस-पन्नास फूट लांब राहा. या झाडाची मुळं पाण्याच्या वासावर जातात आणि फटीत शिरतात.

आता सर्वांत महत्त्वाचं: वाळुंजाला झाड होऊ देऊ नका, झुडूपच ठेवा. माझी पहिली ओळ मी कौतुकाने वाढू दिली. तीन-चार वर्षांत ती घराच्या वळचणीच्या वर गेली. जुलै २०२१ च्या त्या पावसात त्यातलं एक झाड वाऱ्याने मुळासकट उपटलं आणि जाताना बैलगाडीएवढा काठ सोबत घेऊन गेलं. छाटून बुटकी राखलेली झुडपं शेजारीच होती; ती पाण्याखाली आडवी पडली आणि पूर ओसरल्यावर उठून उभी राहिली. तेव्हापासून दुसरं वर्ष सरलं की पानगळ झाल्यावर, नवे डोळे फुटायच्या आत, गुडघ्याएवढा खुंट राखून बाकीचं धारदार कोयत्याने उतरवतो. एका वर्षी एक ओळ, पुढच्या वर्षी दुसरी, म्हणजे काठ कधीच उघडा पडत नाही. उतरलेल्या फांद्यांतून पुढच्या लावणीची कलमं मिळतात, उरलेल्या काटक्या चुलीला होतात.

फाल्गुनापासून ओढा आटला तर पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी द्या आणि बुडाशी भाताचा पेंढा पसरा. शेळ्यांना हा पाला फार आवडतो, म्हणून निदान दोन वर्षं काटेरी कुंपण हवंच. पुढे छाटणीचा पाला त्यांनाच घाला. खोडावर काळ्या मुंग्यांची रांग आणि पानांवर चिकट काजळी दिसली तर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला समजा. जास्त लागलेले शेंडे खुडून जाळा, बाकीच्यावर संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. फुलोरा असताना मात्र फवारणी टाळा, मधमाश्या येत असतात.