धाकट्याच्या वाढदिवसासाठी भेट शोधताना

माझा धाकटा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. अकराव्या वाढदिवसाला काय हवंय, हे मी त्याला मुद्दाम विचारलं नाही. विचारलं की मुलं मित्राकडे नुकतीच पाहिलेली वस्तू सांगतात आणि पंधरा दिवसांत ती कपाटात जाते. मी महिनाभर आधी एक छोटी वही केली आणि तो मला काय काय विचारतो, तेवढंच तिच्यात लिहीत गेले. "ताई, चंद्र दिवसा कसा काय दिसतो?" "तो तारा लुकलुकत का नाही?" तीन आठवड्यांत सोळा प्रश्न जमले, त्यातले अकरा आकाशाचे. भेट तिथेच ठरली.

तुम्हीही वही करा. तोच प्रश्न पुन्हा आला की त्याखाली रेघ मारा, कारण मूल तो मनात घेऊन फिरतंय. तुमच्या वहीत किडे निघतील, शिवण निघेल, तबला निघेल. त्या कामाचं एक खरं, नीट चालणारं साधन शोधा. खेळण्यातली नक्कल नको. ती पहिल्याच दिवशी मुलाचा हिरमोड करते.

आकाशवेडं भावंड असेल तर पुढचं नीट वाचा. मी आधी टेलिस्कोप घ्यायला निघाले होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५२५ पट' लिहिलेलं, भिंग मात्र ७० मिलिमीटरचं. टेलिस्कोपच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या साधारण दुप्पट पटींपर्यंतच चित्र कामाचं राहतं. म्हणजे इथे १४०. त्यापुढे नुसता मोठा, अंधुक धब्बा. शिवाय स्टँड लटपटत असेल तर ग्रह सापडता सापडत नाही, आणि अकरा वर्षांच्या मुलाचा धीर किती पुरणार? पहिल्या भेटीसाठी बायनॉक्युलरच घ्या, हे माझं ठाम मत आहे.

त्यावर ८×३२ किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीच्या मोहात पडू नका; हाताचा थरथराटही दहा पट होतो. मी ८×३२ घेतली. ८×४२ मध्ये उजेड जास्त येतो, पण ती जड असते आणि लहान हात लवकर भरून येतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लहान मुलांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर कमी असतं. दोन्ही नळ्या दुमडून पुरेशा जवळ येतात का, ते घेण्याआधी पाहा. येत नसतील तर मुलाला एकसंध गोल दिसणारच नाही.

खोकं त्याच्या हातात देण्याआधी स्वतः वापरून शिका. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा मिटून फक्त उजव्या नळीवरची कडी फिरवा. आपल्याला हे येत असलं की मुलाला पहिल्या रात्री झगडावं लागत नाही. सूर्याकडे ती कधीही रोखायची नाही, हे मात्र खोकं उघडतानाच सांगा. क्षणभरातही डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

वाढदिवसाच्या रात्री आकाशात काय असेल तेही आधी बघून ठेवा. अर्धा चंद्र असेल तर सोन्याहून पिवळं: उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला त्या जवळजवळ नाहीशा होतात. अमावास्येच्या आसपास कृत्तिका दाखवा. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात तिथे कितीतरी उगवतात.

आम्हाला गुरू मिळाला. भावाला कोपरं कठड्यावर टेकवायला लावली, श्वास रोखायला सांगितला. गुरूच्या बाजूला चार बारीक ठिपके. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच चंद्र पाहिले होते आणि रोज रात्री त्यांची जागा कागदावर टिपली होती, हे मी त्याला तेव्हा सांगितलं, आधी नाही. मग ती प्रश्नांची वही आणि एक पेन्सिल त्याला दिली. त्याने तारीख घातली, एक गोल काढला, शेजारी चार टिंबं दिली.

गुरूच्या सगळ्यांत आतल्या मोठ्या चंद्राची फेरी जेमतेम ४२ तासांची. म्हणून भेटीत दुसरी रात्रही धरा आणि त्या दिवशी स्वतःचं कुठलंही काम ठेवू नका. दुसऱ्या रात्री माझ्याआधी तोच कठड्याशी उभा होता. "ताई, हा इथे नव्हता काल," म्हणाला, आणि मला वही धरायला सांगितली.