काउंटरपॉइंटचे इंग्रजी शब्द: उच्चार, अर्थ आणि पेटीवर वाजवून बघायची पद्धत

आपल्या कोल्हापुरात पेटी शिकलेली बरीच पोरं आता कीबोर्डच्या ग्रेड परीक्षा द्यायला लागलीत आणि थिअरीचं पुस्तक उघडलं की पहिला दणका या शब्दांचाच बसतो. नुसती डिक्शनरी बघून काही डोक्यात शिरत नाही, पेटी पुढ्यात घ्या, शब्द मोठ्यानं म्हणा आणि लगेच वाजवा.

काउंटरपॉइंट म्हणजे दोन किंवा जास्त चाली एकाच वेळी चाललेल्या, प्रत्येक चाल वेगळी गाता येईल अशी, तरी एकमेकींशी जुळणारी. विशेषणाला मात्र स्पेलिंग बदलतं, कॉन्ट्रपन्टल, जोर 'पन्'वर. याला जुगलबंदी म्हणतात काहीजण, मला नाही पटत, जुगलबंदीत बहुतेक वेळ एकजण वाजवतो आणि दुसरा ऐकून उत्तर देतो. आणि गायकाच्या किंचित मागनं पेटीवाला तीच चाल घेत जातो ना, ती हेटरॉफनी, जोर 'रॉ'वर. पलिफनी, म्हणजे अनेक स्वतंत्र चाली एकत्र, हे म्हणताना जोर 'लि'वर, पण पॉलिफॉनिक म्हणताना 'फॉ'वर, हे सगळेच चुकतात.

आता वाजवा. सा रे ग रे सा, सावकाश. ही दिलेली पक्की चाल, तिला म्हणायचं कँटस फर्मस. तिच्यावर एकेका सुरासमोर एकेक सूर ठेवायचा, सां नी सां नी सां. एका हातानं भाता मारायचा म्हणजे दोन्ही सूर एकाच पंजात घ्यायला लागतात, अंगठा खाली करंगळी वर, नाही पोचत तर घरातल्या कुणालातरी भात्यावर बसवा. हे झालं फर्स्ट स्पीशीज, उच्चार स्पीशीज, बायोलॉजीतलाच. असे पाच प्रकार योहान योझेफ फुक्स या संगीतकारानं 1725 साली व्हिएन्नात छापलेल्या लॅटिन पुस्तकात मांडले आणि अजून त्याच क्रमानं शिकवतात.

शेवटी बघा, खालचा रे उतरून सा वर आला आणि वरचा नी चढून सां वर गेला, ऐकताना वाक्य संपल्यासारखं वाटतं. ते केडन्स, कॅडेन्स नव्हे.

आता गंमत. मधल्या ग वर सां वाजतोय, खाली ग सोडून रे घ्या पण वरचा सां सोडू नका. खटकतंय का? तो डिसनन्स, जोर 'डि'वर. मग सां हळूच नी वर सोडा, सुटला तिढा, परत कॉन्सनन्स. या धरून ठेवण्याला सस्पेन्शन म्हणतात आणि चौथा स्पीशीज सगळा याच्यावरच उभा आहे, लई भारी चीज आहे ही, दहा वेळा वाजवली तरी कंटाळा येत नाही. उलट सा-प वाजवून तसंच सरळ रे-ध वर सरकला तर ते पॅरलल फिफ्थ्स, परीक्षेत मार्क गेलेच, कारण दोन चाली वेगळ्या राहतच नाहीत, एकीची सावली दुसरी होते.

कॅनन, कॅमेऱ्यावर लिहिलेलं असतं तेच, एकानं सुरू केलेली चाल दुसऱ्यानं थोड्या वेळानं जशीच्या तशी उचलायची.

फ्यूग, म्हणजे एकाच चालीवर अनेक आवाजांत बांधलेली रचना, या शब्दात लोक लई अडकतात, फ्यूगू काय, फुग्यू काय. शाहू स्टेडियमवरच्या लीगच्या स्पेलिंगमधलं शेवटचं यू-ई जसं गप्प बसतं तसंच इथंही, नुसतं फ्यूग. त्यात आधी सब्जेक्ट, म्हणजे मुख्य चाल, एकटा येतो, मग दुसरा आवाज तोच सहसा पंचमावरून घेतो, तो आन्सर. पहिला अजून संपला नाही तोवर दुसरा घुसला की स्ट्रेटो. इन्व्हर्जन म्हणजे सा रे ग च्या जागी सा नी ध, रेट्रोग्रेड म्हणजे उलट्या क्रमानं ग रे सा. डिमिन्यूशन साधारण आपली दुगुन, ऑगमेंटेशन त्याच्या उलट, सूर तेच पण दुप्पट लांब. जर्मन संगीतकार बाखच्या फ्यूगमध्ये यातलं बरंच सापडतं, पण ऐकताना आधी नुसता सब्जेक्ट किती वेळा आला तेवढंच मोजा, बाकीचं नंतर.