अविवाहित आई किंवा वडील गेल्यावर अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांचा वारसा : या चुका टाळा

लग्न न करता मूल वाढवणारी व्यक्ती अचानक गेली की नातेवाइकांत कुजबुज सुरू होते, "या पोराला कायद्यानं काही मिळतं का?" आई गेली असेल तर उत्तर एक, वडील गेले असतील तर दुसरं. हा फरक माहीत नसल्यामुळेच निम्मे घोळ होतात. (इथे हिंदू वारसा कायद्याबद्दल लिहिलंय. मुस्लिम, ख्रिश्चन कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. गोव्याचा वारसा कायदाही वेगळा, तिथे मुलं असताना मृत्युपत्राने साधारण अर्ध्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते.)

आईचं सोपं आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आईचं लग्न झालेलं असो वा नसो, मूल तिचं वारस असतंच. ते हयात असेपर्यंत आजी-आजोबा आणि मामा यांचा नंबर लागत नाही. वडिलांच्या बाबतीत मात्र हाच कायदा औरस (म्हणजे लग्नातून आलेलं) नातंच धरतो. लग्न लागलं होतं पण ते बेकायदा ठरलं (उदाहरणार्थ पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न), तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ मुलाला औरस मानतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेवणसिद्दप्पा प्रकरणात सांगितलं, की एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत अशा आई-वडिलांच्या वाट्याला जे येईल, त्यातही या मुलांचा हक्क आहे. पण लग्नच झालं नसेल तर? मग दोघं वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून राहिले हे पुराव्यानिशी दाखवून लग्न झाल्याचं न्यायालयाला गृहीत धरायला लावावं लागतं. २०२२ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं, पण तिथवर पोचायला त्या कुटुंबाला किती कोर्टं चढावी लागली ते बघा.

म्हणून लग्न न झालेल्या वडिलांनी मृत्युपत्र न करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि नोंदणीची सक्ती नाही. तरी अशा घरात मी म्हणेन, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी कराच, कारण सख्खे भाऊ आव्हान देणार हे धरूनच चालावं. मजकुरातही एक खाच आहे. "माझी मिळकत माझ्या वारसांना मिळावी" असं मोघम लिहिलं, तर ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तेच मूल 'वारस' नाही असा वाद उभा राहतो. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचं नाव आणि "हा माझा मुलगा आहे" असं स्पष्ट वाक्य लिहा. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव नसेल तर ते वाक्य जास्तच मोलाचं.

दुसरी मोठी चूक म्हणजे "नॉमिनी म्हणून दादाला लावलंय, तो बघेल." बँकेत, सोसायटीत किंवा शेअर्सच्या खात्यात नॉमिनी हा फक्त रक्कम ताब्यात घेणारा असतो, मालक नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सबाबतही हेच सांगितलं. पण प्रत्यक्षात काय होतं? बँक पैसे मामाच्या खात्यात टाकून मोकळी होते, आणि सात वर्षांची भाची ते परत कोणाकडून मागणार? त्यापेक्षा नॉमिनी मुलालाच करा. फॉर्मवर, तो अज्ञान असताना पैसे कोण स्वीकारेल त्याचा रकाना असतो, आयुर्विम्यात त्याला अपॉइंटी म्हणतात. लोक हाच रकाना कोरा सोडतात आणि क्लेम तिथेच अडकतो.

पीएफचं तर आजच तपासा. नोकरीला लागताना कुटुंब नव्हतं म्हणून भावाचं नाव टाकलेलं असतं. पुढे मूल झालं की योजनेच्या नियमाने ते जुनं नामांकन आपोआप बाद होतं. पोर्टलवर जाऊन मुलाच्या नावाने नवं ई-नॉमिनेशन करायला फार वेळ लागत नाही.

आता पालक कोण, हा प्रश्न. अविवाहित आईच्या मुलाची नैसर्गिक पालक आईच, आणि तिच्यानंतर वडील. म्हणजे ज्या माणसाने कधी तोंडही दाखवलं नाही, तो कागदावर पुढे येऊ शकतो. अशा आईला मृत्युपत्रात पालक नेमायचा हक्क हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम ९ ने दिलेला आहे, तो वापरा. वाद झालाच तर न्यायालय मुलाचं हित पाहतं, पण आईने कारणांसह लिहून ठेवलेलं नाव समोर असणं वेगळंच. आणि मुलाला सांभाळणारा व पैसे सांभाळणारा एकच माणूस नको. मावशी पालक आणि एखादा विश्वासू मित्र व्यवस्थापक, अशी वाटणी बरी. हवं तर ट्रस्ट करून "शिक्षणाचा खर्च आधी, उरलेली रक्कम २५ व्या वर्षी" असंही लिहिता येतं. नाहीतर अठरा पूर्ण होताच सगळी रक्कम एकदम हातात येते.

मृत्यू आधीच झाला असेल तर काही गोष्टी तातडीने बघा. गावाकडे जमीन असेल तर वारस नोंदीत मुलाचं नाव आलंय का पाहा. सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) लिहून पालकाचं नाव येतं. नाव गाळलं असेल तर फेरफाराच्या (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या) नोटिशीची मुदत संपायच्या आत लेखी हरकत द्या. मुदत गेली असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील होतं. तरीही, फेरफार ही महसुली नोंद आहे, त्याने मालकी जात नाही.

"मुलाच्या वतीने हक्कसोडपत्रावर सही करा" असं कोणी म्हणालं तर थांबा. नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकायला, गहाण टाकायला किंवा बक्षीस द्यायला त्याच पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे न्यायालयाची आधी परवानगी लागते. काका, आजी, मामा यांना तर नुसतं सांभाळतो म्हणून तसा हक्कच नाही. असा व्यवहार झालाच असेल, तर पालकाने केलेली विक्री रद्द करून घ्यायला मुलाला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. म्हणून खरेदीखताची नक्कल, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा गोषवारा) आणि आईचा मृत्यूदाखला यांची फाईल मुलाच्या ताब्यात येईपर्यंत कोणीतरी जपून ठेवायला हवी, आणि ती कोणाकडे आहे हे मुलालाही ठाऊक असू द्या.