मॅडिसनमध्ये भाड्याचं घर शोधताना

मॅडिसनला नोकरी लागली किंवा युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, की घर शोधायच्या आधी इथलं एक वेळापत्रक समजून घ्या. विस्कॉन्सिनची ही राजधानी. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर गावाचा मध्य, आणि त्याला लागूनच युनिव्हर्सिटी. त्या भागातली बहुतेक लीज, म्हणजे भाडेकरार, १५ ऑगस्टला सुरू होतात आणि पुढच्या वर्षी १४ ऑगस्टला संपतात. कॅम्पसजवळच्या चांगल्या घरांची बोलणी तर आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चालू होतात. आपण जुलैत भारतातून फोन फिरवायला लागतो, तोवर उरतात ती महागडी घरं, नाहीतर कुणाला नको असलेली.

म्हणून मे ते जुलै या काळात येत असाल तर माझं आग्रहाचं सांगणं असं: भारतात बसून वर्षभराच्या लीजवर सही करू नका. उन्हाळ्यात विद्यार्थी गावी जातात आणि आपल्या खोल्या १४ ऑगस्टपर्यंत सबलेटवर, म्हणजे पोटभाड्याने, देतात, बऱ्याचदा मूळ भाड्यापेक्षा कमी पैशांत. अशी एखादी खोली घ्या, बसने गाव फिरा आणि पुढचं घर स्वतः जाऊन पाहा. फक्त सबलेटला मूळ घरमालकाची लेखी परवानगी आहे ना, ते विचारून घ्या.

१४ ऑगस्टच्या रात्रीचाही विचार आधीच करा. जुनं घर त्या दिवशी दुपारी सोडायचं आणि नवं दुसऱ्या दिवशी मिळायचं, असं पुष्कळांचं होतं. सामान भाड्याच्या ट्रकमध्ये आणि आपण ओळखीच्यांकडे, अशी ती एक रात्र काढावी लागते. त्या दोन दिवसांत फुटपाथवर सोफे, टेबलं, दिवे यांचे ढीग लागतात. गावात याला ‘हिप्पी ख्रिसमस’ म्हणतात. टेबल, कपाट, लाकडी खुर्ची खुशाल उचला. गादी आणि कापडी सोफा मात्र कितीही चांगला दिसला तरी घरात आणू नका. ढेकूण एकदा शिरले की फार छळतात.

कुठे राहायचं ते रोज कुठे जायचं आहे त्यावर ठरवा. एपिक या हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी असेल तर ऑफिस व्हेरोनात, गावाच्या नैर्ऋत्येला, त्यामुळे आपली बरीच माणसं फिचबर्ग, व्हेरोना आणि वेस्ट साइडला सापडतील. गाडी नसेल तर सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या रॅपिड रूट ए या बसच्या आसपास घर बघा. ती पूर्व-पश्चिम जाते आणि कॅपिटल (राज्याचं विधिमंडळ भवन) व कॅम्पसवरूनच जाते. कुटुंब घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांनी युनिव्हर्सिटीच्या ईगल हाइट्स या वसाहतीतल्या घरासाठी लवकरात लवकर अर्ज करावा. जगभरची कुटुंबं तिथे राहतात, मुलांना लगेच सवंगडी मिळतात आणि जवळच भाजी लावायला वाफे भाड्याने मिळतात.

घर बघायला गेलात की आधी स्वयंपाकघरात जा. शेगडीवरचा एक्झॉस्ट चालू करा आणि त्याच्या वरच्या जाळीपुढे तळहात धरा. हाताला वारा लागला, तर तो धूर बाहेर न जाता परत घरातच सोडला जातो. पुष्कळ अपार्टमेंटांत असंच असतं. रोजच्या फोडणीचा वास मग कार्पेटमध्ये आणि कोटांमध्ये बसतो, आणि मिरच्या तळताना स्मोक अलार्म कोकलायला लागतो. खिडकी स्वयंपाकघराच्या किती जवळ आहे आणि ती नीट उघडते का, तेही बघा. शेगडी काचेची असेल तर लोखंडी तवा तिच्यावर घासू नका. चरे पडले की ते डिपॉझिटमधून कापले जातील.

दुसरी बघायची गोष्ट हीटिंग. जानेवारीत पारा उणे वीस सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतो, आणि गावातली जुनी लाकडी घरं उन्हाळ्यात दिसतात तितकी उबदार नसतात. भाड्यात हीटिंग धरलेलं असेल तर भाडं थोडं जास्त असलं तरी ते परवडतं. धरलेलं नसेल तर मॅडिसन गॅस अँड इलेक्ट्रिक या गॅस-वीज कंपनीकडे त्या पत्त्याचं सरासरी बिल किती येतं ते बघा, आणि ते भाड्यात मिळवूनच दोन घरांची तुलना करा.

ऑनलाइन जाहिरातींत फसवणूक खूप आहे. भाडं आजूबाजूपेक्षा बरंच कमी, मालक ‘परदेशात’, आणि किल्ली पोस्टाने पाठवतो म्हणून आधी पैसे मागतो, असं दिसलं की तिथेच थांबा. घर न बघता झेल (Zelle, बँकेतून लगेच पैसे पाठवायची सोय) किंवा गिफ्ट कार्डाने एक डॉलरही पाठवू नका. कोणत्या पत्त्याचा मालक कोण, हे मॅडिसन शहराच्या असेसरच्या, म्हणजे मालमत्ता-मूल्यांकन कार्यालयाच्या, वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. इथे राहणाऱ्या कुणाला तरी घर बघून यायला सांगा. आम्ही जुने लोक अशा कामाला नाही म्हणत नाही, संकोच करू नका.

नव्याने आलेल्याकडे क्रेडिट हिस्टरी, म्हणजे इथली कर्जं-बिलं वेळेवर फेडल्याची नोंद, नसते, हे घरमालकांना ठाऊक असतं. ऑफर लेटर किंवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद), पासपोर्ट आणि बँकेचं स्टेटमेंट तयार ठेवा. कुणी को-सायनर, म्हणजे भाड्याची हमी घेणारा, मागतं, कुणी जास्त डिपॉझिट. जे काही द्याल त्याची पावती घ्या.

लीज पूर्ण वाचा, विशेषतः रूममेटबरोबर घेत असाल तर. बहुतेक लीजमध्ये सगळ्यांची जबाबदारी एकत्र असते. म्हणजे एक जण भाडं न देता निघून गेला, तर मालक त्याचा वाटा तुमच्याकडे मागू शकतो. विमानतळावर ओळख झालेल्या मुलाबरोबर सही करण्याआधी हे लक्षात घ्या. नवरा-बायको राहणार असाल तर दोघांचीही नावं लीजवर हवीत. मध्येच नोकरी बदलून गाव सोडावं लागलं, तर नवा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न मालकाने केलाच पाहिजे, असं विस्कॉन्सिनचा कायदा सांगतो. तोवरचं भाडं मात्र तुमच्याकडेच येतं.

किल्ली हातात आली की चेक-इन शीट, म्हणजे घरात आधीपासून असलेल्या मोडतोडीची यादी, भरा. त्यासाठी तुम्हाला सात दिवस मिळतात. कार्पेटवरचा डाग, दाराचा तुटका कोपरा, फ्रिजची चिरलेली ट्रे, सगळं लिहा, फोटो काढा, शीटची प्रत स्वतःकडे ठेवा. घर सोडल्यावर मालकाने २१ दिवसांच्या आत डिपॉझिट परत द्यायचं असतं, आणि काही कापलं तर कशाचे किती ते लेखी कळवायचं असतं. नेहमीच्या वापराने होणारी झीज कापता येत नाही. जाताना नवा पत्ता लेखी द्यायला विसरू नका. वाद झालाच तर मॅडिसनमधलं टेनंट रिसोर्स सेंटर भाडेकरूंचे हक्क समजावून सांगतं.

गाडी रस्त्यावर लावणार असाल तर १५ नोव्हेंबर ते १५ मार्च लक्षात ठेवा. शहराच्या बहुतेक भागात रात्री १ ते सकाळी ७ या वेळेत गाडी तारखेप्रमाणे रस्त्याची बाजू बदलून लावावी लागते. तारीख सम असेल तर सम घरनंबरांच्या बाजूला, विषम असेल तर विषम. बर्फ पडलेला नसला तरी दंड होतो. घराबरोबर पार्किंग मिळत असेल तर थंडीपुरतं तरी ते घ्याच.

आणि डिसेंबरात भारतात जाताना बिल वाचवायला हीटिंग बंद करून जाऊ नका. पाइप गोठून फुटले तर खालच्या घरातही पाणी जातं. थर्मोस्टॅट ५५-६० फॅरनहाइटवर ठेवा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, आणि एक किल्ली ओळखीच्या कुणाकडे देऊन आठवड्यातून एकदा घरात डोकावून यायला सांगा.