नाशकात नव्याने आलात? घरचा फोन आणि स्वतःचा राउटर

धुळे, नंदुरबार, जळगावकडून सिडकोत, सातपूरला, पाथर्डी फाट्याला नव्याने राहायला आलेल्या आपल्या माणसांसाठी हे लिहितोय. मी अंबडच्या कारखान्यात नोकरीला लागून धुळे सोडलं त्याला आता बराच काळ लोटला. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी आपल्याकडची नवी कुटुंबं येतात. घर मिळतं, शाळा मिळते, गॅसची सोय होते, वायफाय लागतं. मग कधीतरी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून फोन येतो, "घरना फोन बंद शे, भाऊ." जाऊन बघावं तर बहुतेक वेळा कारण एकच असतं. एम. जी. रोडवरून चार अँटेनाचा नवा राउटर आणलेला असतो आणि इंटरनेट कंपनीचा डबा काढून माळ्यावर टाकलेला असतो.

आता घरचा फोन लागतो कोणाला, असं तरुण मुलं विचारतात. गावाकडून आणलेल्या म्हाताऱ्या आई-वडिलांना लागतो. स्क्रीनवर बोट फिरवून फोन उचलणं त्यांना जमत नाही, पण रिसीव्हर उचलणं जमतं. सिडकोतल्या कितीतरी रो-हाउसच्या तळमजल्यावर, आतल्या खोलीत मोबाइलला धड रेंज नसते. घरून बिबड्या, पापड, मांड्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या ताया आहेत, त्यांचा सगळा धंदा त्या एका नंबरावर चालतो. म्हणून हा विषय मी किरकोळ मानत नाही.

कंपनी कोणती घ्यावी यावर मी वेळ घालवणार नाही. तुमच्या गल्लीत ज्याचा माणूस बोलावल्यावर येतो, ती घ्या.

फोन चालतो कसा, हे मात्र नीट समजून घ्या. पूर्वीचा लँडलाइन तांब्याच्या तारेवर चालायचा. एक्स्चेंजमधून तारेतच ४८ व्होल्टची वीज यायची, त्यामुळे घरात लाइट नसली तरी फोन जिवंत असायचा. आता फायबर येते, आणि काचेच्या तंतूतून वीज येत नाही. भिंतीवरचा कंपनीचा डबा, म्हणजे ओएनटी, प्रकाशाचं इंटरनेट करतो आणि तोच तुमच्या आवाजाचे तुकडे करून पुढे पाठवतो. त्याच्या मागे लॅनच्या रुंद भोकांशेजारी एक छोटं भोक असतं, फोन किंवा टेल लिहिलेलं. फोन तिथेच लागतो. तुमचा नंबर आणि त्याचा पासवर्ड त्या डब्याच्या पोटात भरलेला असतो. बाजारातल्या साध्या राउटरला ते फोनचं भोकही नसतं आणि तो नंबरही त्याला ठाऊक नसतो. मग डबा काढला की नेटबरोबर फोनही जाणारच.

त्यामुळे माझं सांगणं एवढंच, की फोन कंपनीच्या डब्यातच राहू द्या आणि तुमचा राउटर त्या डब्याच्या मागे लावा. दोघं सुखाने नांदतात. डब्याच्या लॅन भोकातून एक केबल काढा आणि राउटरच्या वॅन भोकात घाला. वॅनचं भोक बहुतेक राउटरवर वेगळ्या रंगाचं असतं. राउटरच्या सेटिंगमध्ये इंटरनेटचा प्रकार ऑटोमॅटिक किंवा डीएचसीपी ठेवा. डब्याचं वायफाय बंद करा, म्हणजे एकाच घरात दोन वायफायची ओढाताण होत नाही. फोनला हात लावायची गरजच पडत नाही.

एकच अडचण येते, ती पत्त्याची. पुष्कळ डब्यांचा घरच्या नेटवर्कमधला पत्ता (आयपी) १९२.१६८.१.१ असतो आणि पुष्कळ राउटरांचाही तोच. दोघांनी एकच पत्ता सांगितला की सगळं अडकतं, आणि माणूस राउटरला खराब म्हणून दुकानात परत घेऊन जातो. राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा, काम झालं. ज्यांना ही भानगडच नको त्यांनी राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकावा. मग तो फक्त वायफाय पसरवतो, बाकीचा कारभार डबा बघतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत, जाड भिंतींच्या घरात राहणाऱ्यांना हाच मार्ग बरा. डबा ओसरीत, राउटर आतल्या खोलीत, मध्ये केबल.

काही हौशी मुलांना ब्रिज मोड हवा असतो. त्यात इंटरनेटचा युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरतात आणि डबा नुसता पुलासारखा मधे राहतो. ऑनलाइन खेळणाऱ्यांना, घरात कॅमेरे लावून बाहेरून बघणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग आहे. पण डब्याच्या सेटिंगमध्ये वॅनच्या यादीत इंटरनेटची नोंद वेगळी आणि व्हॉइसची, म्हणजे फोनची, नोंद वेगळी असते. ब्रिज फक्त इंटरनेटच्या नोंदीला करायचा. घाईत आलेला पोऱ्या दोन्ही नोंदी उडवून नव्याने एकच टाकतो, त्याचं इंटरनेट चालू होतं आणि तो निघून जातो. म्हणून तो काम सुरू करायच्या आधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर त्याच्यासमोर घरच्या फोनवरून मोबाइल लावा, मग मोबाइलवरून घरचा फोन लावा. दोन्ही बाजूंनी आवाज आला की मगच त्याला चहा पाजून जाऊ द्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. डब्याच्या मागे किंवा खाली टाचणी जाईल एवढं बारीक छिद्र असतं, रीसेट लिहिलेलं. त्यात टाचणी घालू नका. वायफायचा पासवर्ड विसरलात तरी नाही, नेट मंद झालं तरी नाही, पुण्याहून आलेला हुशार भाचा म्हणाला तरी नाही. डबा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. बंद-चालू केल्याने काही जात नाही. रीसेट दाबून धरलं की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. इंटरनेटचा युजरनेम जातो आणि फोनचा नंबर-पासवर्डही जातो. काही कंपन्यांचा डबा सगळं कंपनीच्या सर्व्हरवरून परत ओढून घेतो, काहींचा घेत नाही, आणि तुमचा कोणता हे टाचणी घातल्यावरच कळतं.

आमच्या गल्लीत साक्रीकडचं एक कुटुंब राहायला आलं. आजींनी गावातल्या सगळ्यांना नाशिकचा नंबर कळवला होता, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहूनही ठेवला होता. मुलाने नवा राउटर आणला, तो जुळेना, म्हणून डबा रीसेट केला. दुसऱ्या दिवशी माणूस आला, इंटरनेट चालू करून गेला. फोनमध्ये डायल टोनच नाही. डब्यावर इंटरनेटचा दिवा हिरवा आणि फोनचा दिवा विझलेला. तक्रार केली की तिकडून बघायचे, नेट चालू आहे, आणि तक्रार बंद करून टाकायचे. इथल्या फ्रँचायझीच्या पोराकडे व्हॉइसचा पासवर्ड नव्हता, तो ऑफिसकडून यायचा होता, ऑफिस म्हणायचं फ्रँचायझीला विचारा. आठवडे गेले. त्याच काळात गावाकडे आजींच्या बहिणीचं दुखणं वाढलं. लोकांनी त्याच नंबरावर फोन लावले आणि कोणी उचलेना म्हणून सोडून दिलं. आजींना निरोप मिळाला तो कोणीतरी प्रत्यक्ष घरी आल्यावर.

तेव्हा टाचणी घालू नका. आणि कनेक्शन घेतानाच, माणूस घरात असताना, तीन गोष्टी मागून घ्या: इंटरनेटचा युजरनेम-पासवर्ड, डब्याच्या तळाच्या स्टिकरचा फोटो आणि व्हॉइसच्या पानाचा फोटो. पुढे फोन बंद पडला तर तक्रार फोनची म्हणून वेगळी नोंदवा. "नेट आणि फोन दोन्ही" अशी एकत्र नोंदवू नका, नेट चालू झालं की ती बंद होते.

स्वतःचं ओएनटी विकत घेऊन कंपनीचा डबाच बदलणारेही आहेत. तसं करता येतं, पण डब्याचा सीरियल नंबर कंपनीकडे नोंदवल्याशिवाय फायबरची लाइन त्याला ओळखत नाही, आणि फोनचे तपशील हातात नसतील तर फोन चालत नाही. नव्याने आलेल्याने यात पडू नये.

जुनं घर विकत किंवा भाड्याने घेतलं असेल तर भिंतीत तांब्याच्या तारेचं जुनं वायरिंग आणि डबी सापडेल. डब्याच्या फोन भोकातून केबल काढून त्याच वायरिंगला जोडली की सगळ्या खोल्यांत फोन वाजतो. फार सोयीचं आहे. पण आधी बाहेरून येणारी जुनी तार डबीतून पूर्ण सोडवा. तिच्यात एक्स्चेंजची वीज असू शकते आणि ती डब्याच्या फोन भोकात शिरली तर डबा जळू शकतो. पिवळी किंवा पांढरी फायबर मात्र खिळ्याला गुंडाळू नका, दाराच्या फटीत दाबू नका. ती जोरात वाकली की लॉसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागतो.

लाइट गेली की काय, हे तर ठरवूनच ठेवा. पावसाळ्यात इथे लाइट जाते, गावाइतकी नाही, पण जाते. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठीचा छोटा मिनी यूपीएस मिळतो. घेण्याआधी डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. बहुधा १२ व्होल्ट असतात, अँपिअर वेगवेगळे. नुसता फोन जिवंत ठेवायचा तर यूपीएस फक्त डब्याला पुरतो, राउटर बंद राहिला तरी चालतं. फोन डब्यातच ठेवण्याचा हाही फायदा. तरीही गल्लीतल्या केबलवाल्याच्या यंत्राची बॅटरी संपली तर तुमचा फोन जाईलच, त्यामुळे घरात म्हातारं माणूस असेल तर एक मोबाइल चार्ज करून ठेवा आणि त्यांना ११२ लावायला शिकवा.

कोणी घरच्या नंबराचं ॲप मोबाइलवर किंवा इंटरनेटचा फोन आपल्या राउटरमागे वापरत असेल आणि घंटी वाजते पण आवाज एकाच बाजूचा येतो असं होत असेल, तर राउटरमध्ये सिप एएलजी नावाची सेटिंग बंद करून बघा. वेगाला दोष देऊ नका. एका कॉलला शंभर केबीपीएससुद्धा लागत नाहीत.

नंबर सांगताना ०२५३ लावूनच सांगा, नाशकातल्या माणसालाही, कारण तो मोबाइलवरूनच लावणार. घरच्या फोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतो, १५ जानेवारी २०२१ पासून हा नियम आहे. आई-वडिलांच्या डायरीतल्या सगळ्या मोबाइल नंबरांपुढे तो शून्य तुम्ही स्वतः लिहून द्या.

आपली माणसं एकमेकांसाठी धावून जातात, याचा मला अभिमान आहे. पण आपल्यात एक खोड आहे. कंपनीने दिलेली वस्तू हलकी आणि पैसे मोजून आणलेली भारी, असं आपण धरूनच चालतो. नाशिककर या बाबतीत शहाणा. तो आधी आहे ते चालवून बघतो आणि कामाच्या माणसाचा नंबर जपून ठेवतो. इथला माणूस पटकन जवळ येत नाही, पण लाइनमनला दोनदा नावाने हाक मारली, त्याची विचारपूस केली की तो रविवारीही येतो, हे मी अनुभवाने सांगतो. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदले जातात तेव्हा फायबर तुटते, त्या दिवसांत हीच ओळख उपयोगी पडते.

आणि घर बदलताना, सिडकोतून इंदिरानगरला किंवा नाशिकरोडला जाताना, नवं कनेक्शन मागू नका, जुनं शिफ्ट करायला सांगा. लँडलाइनचा नंबर मोबाइलसारखा एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही. जुन्या तांब्याच्या लाइनचा नंबर असेल तर तो त्याच कंपनीच्या फायबरवर घेता येतो, पण त्यासाठी लाइन बंद करायचा अर्ज द्यायचा नाही, रूपांतराचा द्यायचा. बंदचा अर्ज देण्याआधी नवीन जागी हाच नंबर मिळेल का, हे ऑफिसकडून लेखी घ्या.