माळरानावर रिसर्च करायचाय? पाच पावसाळ्यांनंतर सांगावंसं वाटतंय ते

एमएस्सी झालंय, इकॉलॉजीत काम करायचंय, सुरुवात कुठून करू असं विचारणारे मेसेज बरेच येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळरानांवर काम करते. दुष्काळ, वणवा, चराई, नांगर यातलं काय झालं की गवताळ प्रदेश परत उभा राहतो आणि काय झालं की राहत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे आणि त्यात पाच वर्षं गेली.

आधी रेझिलियन्स या शब्दाबद्दल, कारण इंटरव्ह्यूला हमखास विचारतात. 1973 साली हॉलिंग नावाच्या कॅनडातल्या इकॉलॉजिस्टने हा विचार नीट मांडला. आपण समजतो की धक्क्यानंतर पटकन पूर्ववत होणं म्हणजे रेझिलियन्स, पण तो म्हणत होता की किती मोठा धक्का पचवूनही ती सिस्टीम तीच राहते ते बघा. माझ्यासाठी हे वाक्य पुस्तकातून नाही, माळावर कळलं. मे महिन्यात माळ बघितलात तर वाटतं संपलं सगळं, नुसती माती आणि दगड, आणि जूनच्या पहिल्या दोन पावसांत आठवड्याभरात हिरवं. गवताची वाढ जमिनीलगतच्या भागातून होते त्यामुळे वरचं जळलं काय आणि मेंढरांनी खाल्लं काय, खालून परत फुटतं. कुसळी नावाच्या गवताचं बी तर कमाल आहे, त्याची पिळाची शेपटी दमटपणा बदलला की स्वतःभोवती फिरते आणि बी मातीत घुसतं, मग वणवा वरून निघून जातो (तेच कुसळ आपल्या मोज्यात पण घुसतं, पोटऱ्यांवर चढवायचे गेटर्स घ्या). म्हणजे आग आणि चराई हे माळाचं दुखणं नाही, शेकडो वर्षांची सवय आहे. नांगर आणि झाडं लावायला मारलेले खड्डे ही सवय नाही. मुळांचं जुनं जाळं एकदा उलटंपालटं झालं की त्यावर पावसाळी तण लगेच येतं, लांबून हिरवं दिसतं, सॅटेलाइटवर पण हिरवंच दिसतं, पण पवन्या, डोंगरी, मारवेल ही बारमाही गवतं परत येत नाहीत, निदान माझ्या पाच वर्षांत तरी आलेली नव्हती.

म्हणून नवीन लोकांना पहिलं सांगणं हे की आधी ती जागा मुळात काय आहे ते शोधा. माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल असं मीही शाळेत शिकले आणि सरकारी नकाशांत पण यातल्या कितीतरी जमिनीवर पडीक असाच शिक्का आहे. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी 2023 मध्ये देशभरातल्या अशा मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा काढला तर त्या देशाच्या साधारण 10 टक्के जमिनीवर निघाल्या, आणि त्यातलं 5 टक्क्यांपेक्षा कमी क्षेत्र अभयारण्यांत वगैरे येतं. 2025 च्या एका पेपरमध्ये तर तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, संतकथा यातले झाडांचे उल्लेख तपासलेत, 44 रानटी वनस्पती सापडल्या आणि त्यातल्या 27 माळरानाच्या. म्हणजे आपल्या पूर्वजांनी पण इथे बाभळी, पळस आणि गवतच बघितलं होतं. मला हे वाचून रडू यायचं बाकी होतं, कारण माझ्या साइटपैकी एक त्याच वर्षी वृक्षलागवडीत गेली. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही, पण माझे मोजणीचे चार प्लॉट आणि धाविक या माळावरच्या पक्ष्यांची अंडी घालायची जागा दोन्ही खड्ड्यांत गेलं. तेव्हापासून मी प्रत्येक साइटचा सातबारा आणि आसपासच्या गावची ग्रामपंचायत आधी गाठते, जमीन वनखात्याची, गायरान की खाजगी हे कळल्याशिवाय एक खुंटी ठोकत नाही. वनखात्याची परवानगी लागत असेल तर किमान सहा महिने आधी अर्ज करा, पाऊस तुमच्या फाइलसाठी थांबत नाही.

दुसरी गोष्ट गवतं ओळखण्याची. पहिल्या वर्षी मी एप्रिलमध्ये एक मीटर बाय एक मीटरचे क्वाड्रॅट (मोजणीच्या चौकटी) टाकून बसले होते आणि वाळक्या काड्यांना नावं देत होते, बरीच चुकली आणि तो डेटा पूर्ण सोडून द्यावा लागला. तिथे मेंढरं घेऊन आलेले एक आबा बराच वेळ बघत होते, शेवटी म्हणाले, "ताई, आत्ता समदी सारखीच दिसत्यात, दसऱ्याच्या टायमाला या, तुरा बघून सांगतो." खरंच ऑक्टोबरमध्ये त्यांनी अर्ध्या तासात अकरा गवतं दाखवली, कुठलं मेंढी आधी खाते, कुठलं दुष्काळात शेवटपर्यंत टिकतं हे पण. नमुने पुण्याच्या बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, पडताळले तेव्हा त्यातली नऊ बरोबर वेगळी केलेली होती. लक्षात ठेवा, बरेच मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा (कळप आणि बिऱ्हाड) घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, तुमचं वेळापत्रक त्यांच्याप्रमाणे लावा. आणि त्यांच्याकडून शिकलात तर थीसिसमध्ये आभारापुरतं नाही, पद्धतीच्या चॅप्टरमध्ये लिहा.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते कारण माहिती सगळीकडे मिळते. नेट-जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा) द्या, गेट परीक्षेत इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनचा वेगळा पेपर आहे तो द्या. डेहराडूनचं डब्ल्यूआयआय (भारतीय वन्यजीव संस्था), बेंगळुरूचं एनसीबीएस (जीवशास्त्राचं संशोधन केंद्र) आणि एट्री (पर्यावरण संशोधन संस्था), पुण्यात भारती विद्यापीठाचं पर्यावरण इन्स्टिट्यूट, यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. जेआरएफचे 2023 पासून महिना 37,000 मिळतात, पण माझे एकदा बरेच महिने अडकले होते, त्यामुळे थोडी शिल्लक ठेवूनच या, घरच्यांना पण आधी सांगून ठेवा. आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) घरी बसून शिकता येतं, लँडसॅट सॅटेलाइटचे फोटो 2008 पासून फुकट आहेत, आपल्या गावाच्या माळाचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवून बघा, तोच पहिला प्रोजेक्ट. पीएचडीच्या आधी एक-दोन वर्षं कुणाच्या तरी प्रोजेक्टवर फील्ड असिस्टंट म्हणून काम कराच, दुपारी एकच्या उन्हात मोजणी करायला आवडतं का हे त्याशिवाय कळत नाही.

आणि प्रश्न छोटा घ्या पण जागा सोडू नका. तीन वर्षांच्या फंडिंगमध्ये एक दुष्काळ पण येईल याची खात्री नाही, म्हणून प्लॉटच्या कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या, जीपीएस आणि चारही दिशांचे फोटो असं ठेवा की तुमच्यानंतर येणाऱ्याला तीच जागा सापडेल.

माझ्या नांगरलेल्या प्लॉटमध्ये यंदा ऑक्टोबरमध्ये पवन्याचं एक ठोंब दिसलं, अगदी कडेला, कुंपणापासून हातभर आत. बी शेजारून आलं की मुळाचा तुकडा राहिला होता ते कळलं नाही, उपटून बघायचा धीर झाला नाही. शेजारी खुंटी ठोकून नंबर दिलाय, पुढच्या दसऱ्याला परत जाणारे.